व्यक्ती ती, मूल ते

पालकांना वाटण्याच्या एका माहितीपत्रकाचा मजकूर मी काही महिन्यांपूर्वी मराठीत आणत होते. विषय होता ‘लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२’, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेला पॉक्सो. मुलावरील लैंगिक अत्याचाराची व्याख्या करणाऱ्या कलम ३ पाशी मी अडले. मूळ इंग्रजी वाक्य ‘पर्सन’ या शब्दाने सुरू होते आणि लगेच त्या पर्सनसाठी ‘ही’ (he) हे इंग्रजी पुल्लिंगी सर्वनाम येते. मराठीत मात्र ‘व्यक्ती’ हा शब्द स्त्रीलिंगी आहे, त्यामुळे व्याकरण पाळायचे तर अपराध करणाऱ्या व्यक्तीसाठी ‘ती’ आणि ‘तिने’ असेच लिहावे लागते. ज्याच्यावर अपराध घडतो ते मूल तर नपुंसकलिंगी. जो मजकूर इंग्रजीत वाचताना डोळ्यांपुढे आपोआप पुरुष उभा राहतो, तोच मराठीत आला की करणारी ‘ती’ आणि सोसणारे ‘ते’ असा होतो. मला आधी हसू आले. मग आठवले की याच एका सर्वनामावरून आपल्या देशातल्या एका उच्च न्यायालयात खरोखरच वाद झालेला आहे.

दिल्ली उच्च न्यायालयापुढे २०२४ साली आलेल्या प्रकरणात आरोपी स्त्री होती. तिच्या बाजूने असे मांडले गेले की कलम ३ आणि कलम ५ यांत सगळीकडे ‘ही’ हेच सर्वनाम आहे, शिवाय पुरुषाच्या अवयवाचाही उल्लेख आहे, तेव्हा ही कलमे स्त्रीला लागूच होऊ शकत नाहीत. न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये हा युक्तिवाद फेटाळला. ज्या शब्दांची व्याख्या पॉक्सोमध्ये नाही त्यांचा अर्थ भारतीय दंड संहिता आणि इतर काही कायद्यांतून घ्यावा, असे पॉक्सोचे कलम २(२) सांगते, आणि दंड संहितेचे कलम ८ तर १८६० पासून सांगत आले आहे की हे सर्वनाम पुरुष आणि स्त्री दोघांसाठी वापरलेले आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कलम ३ मध्ये वस्तूचा किंवा शरीराच्या अन्य भागाचा वापर, तोंडाचा वापर आणि मुलाकडून तशी कृती करवून घेणे, हे सगळे येते. यांतली बरीच कृत्ये कोणीही करू शकते. मग सर्वनामाच्या आडून निम्म्या मनुष्यजातीला बाहेर ठेवण्याचे कारण काय? दंड संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेने तर कलम २(१०) मध्ये या सर्वनामाच्या व्याप्तीत तृतीयपंथी व्यक्तींचाही स्पष्ट उल्लेख केला आहे.

पुढच्या वर्षी, ऑगस्ट २०२५ मध्ये, कर्नाटक उच्च न्यायालयाने एका अल्पवयीन मुलाच्या प्रकरणात आरोपी असलेल्या स्त्रीवरील खटला रद्द करण्यास नकार दिला. तिथला बचाव सर्वनामापेक्षा जुना होता. शरीरसंबंधात पुरुष कर्ता आणि स्त्री निष्क्रिय असते, असे त्या बचावाचे सूत्र होते. मुलगा मनाने खचलेला असता तर त्याच्या शरीराने प्रतिसादच दिला नसता, असेही मांडले गेले. न्यायालयाने ही मांडणी कालबाह्य ठरवली, हे योग्यच झाले. भीतीच्या किंवा दडपणाच्या क्षणी शरीराने दिलेला प्रतिसाद म्हणजे संमती नव्हे, हे मुलींच्या बाबतीत समजून घ्यायला न्यायव्यवस्थेला काही पिढ्या लागल्या. मुलग्यांच्या बाबतीत तोच धडा पहिल्यापासून गिरवावा लागतो आहे. शिवाय इथे संमतीचा प्रश्नच मुळात गैरलागू आहे, कारण अठरा वर्षांखालील व्यक्तीची संमती हा कायदा मोजतच नाही.

हा शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, पण तो समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १८६० च्या दंड संहितेत मुलीच्या संमतीचे वय दहा वर्षे होते. १८९१ साली ते बारा झाले, आणि त्या बाराच्या आकड्यावरून समाजसुधारक मलबारी, आगरकर, टिळक आणि बालपणी झालेला विवाह नाकारणाऱ्या रखमाबाईंचा खटला यांच्या भोवती आपल्याकडे जी रणधुमाळी झाली ती मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. त्या साऱ्या वादात मूल म्हणजे मुलगी, आणि मुलगी म्हणजे बहुतेक वेळा कोणाची तरी पत्नी, असेच गृहीत होते. मुलग्याला संमतीचे वयच नव्हते. त्याच्यावर अत्याचार झालाच तर तो कलम ३७७ खाली यायचा, आणि हे कलम ‘निसर्गक्रमाविरुद्धच्या’ संभोगाबद्दल होते. त्यात वयाचा उल्लेख नव्हता, संमतीचाही नव्हता. दोन प्रौढांनी राजीखुशीने केलेले कृत्य आणि एका प्रौढाने नऊ वर्षांच्या पोरावर केलेला अत्याचार, दोन्ही एकाच कलमात. कायद्याच्या लेखी अपराध निसर्गाविरुद्ध घडत होता, त्या पोराविरुद्ध नव्हे.

हे केवळ तात्त्विक राहिले नाही. मुंबईत कुलाब्याच्या परिसरात रस्त्यावरच्या मुलांसाठी चालवल्या जाणाऱ्या ‘अँकरेज’ या निवाऱ्यातील मुलग्यांवर अत्याचार केल्याबद्दल दोन ब्रिटिश नागरिकांना २००६ साली सत्र न्यायालयाने दोषी ठरवले, २००८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले आणि मार्च २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा पुन्हा कायम केली. या खटल्याचा मुख्य आधार कलम ३७७ हाच होता, कारण मुलग्यांसाठी दुसरे हत्यारच उपलब्ध नव्हते. गोव्याने मात्र २००३ सालीच स्वतःचा बालक कायदा करून मुलगा आणि मुलगी दोघांवरील लैंगिक अत्याचार एकाच व्याख्येत आणले होते. मडगावच्या एका अनाथाश्रमातील मुलग्यांवर झालेल्या अत्याचारांचे प्रकरण, ज्यात १९९६ मध्ये संस्थाचालकाला जन्मठेप झाली, गोव्याच्या सार्वजनिक स्मृतीत तेव्हा ताजे होते.

केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली तेरा राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलून जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारच्या लैंगिक अत्याचाराला तोंड दिल्याचे सांगितले होते, आणि त्या मुलांपैकी ५२.९४ टक्के मुलगे होते. या आकड्यांत किरकोळ आणि गंभीर असे सर्व प्रकार एकत्र आहेत, त्यामुळे ते जपून वापरावेत. तरीही त्यांच्याशेजारी पोलिसांत दाखल होणारे पॉक्सोचे गुन्हे ठेवून पाहिले, तर त्यांत पीडित म्हणून जवळजवळ सगळीकडे मुलीच दिसतात. मुलगे अत्याचार सोसतात, पण पोलिस ठाण्यापर्यंत पोहोचत नाहीत. पॉक्सो १४ नोव्हेंबर २०१२ रोजी अमलात आला आणि त्याने ‘बालक’ म्हणजे अठरा वर्षांखालील कोणतीही व्यक्ती, एवढीच सोपी व्याख्या केली. मुलगा, मुलगी, तृतीयपंथी मूल, सगळे तिच्यात आले.

एवढी स्वच्छ व्याख्या करूनही कायदा करणाऱ्यांना तिचा विसर पडला. एप्रिल २०१८ मध्ये, जम्मूतल्या कठुआ इथे आठ वर्षांच्या मुलीवर बलात्कार करून तिची हत्या झाल्यानंतरच्या संतापात, घाईने अध्यादेश निघाला आणि बारा वर्षांखालील मुलीवरील बलात्काराला किमान वीस वर्षे आणि कमाल मृत्युदंड अशी शिक्षा दंड संहितेत आली. मुलग्याच्या बाबतीत मात्र पॉक्सोच्या कलम ६ मधली किमान दहा वर्षांची शिक्षाच राहिली. अकरा वर्षांची बहीण आणि दहा वर्षांचा भाऊ, अत्याचार करणारा एकच, घर एकच, तर कायद्याच्या दरपत्रकात बहिणीच्या वेदनेचे वजन भावाच्या दुप्पट. १६ ऑगस्ट २०१९ पासून पॉक्सोतली दुरुस्ती लागू झाली तेव्हा ही विसंगती मिटली. मृत्युदंडाने मुलांचे रक्षण होते असे मला वाटत नाही, पण तो मुद्दा वेगळा. इथे सांगायचे ते इतकेच की लोकक्षोभात लिहिलेल्या कायद्याला मूल आठवत नाही, मुलगी आठवते. न्याय संहितेने मात्र काही जुन्या खाचा शांतपणे बुजवल्या आहेत. अपहरणाच्या व्याख्येत पूर्वी मुलग्यासाठी सोळा आणि मुलीसाठी अठरा अशी दोन वये होती, आता दोघांना एकच वय आहे. ‘अल्पवयीन मुलगी’ मिळवून देण्याच्या अपराधाच्या जागी आता ‘बालक’ हा शब्द आला आहे.

कायदा बदलला तरी आपली भाषा मागेच रेंगाळते. बातमीत ‘पीडिता’ लिहायची सवय इतकी मुरली आहे की ‘पीडित’ हा शब्द लिहिताना संपादकालाही क्षणभर चुकल्यासारखे वाटत असावे. ‘विनयभंग’ हा शब्द घ्या. विनय हा स्त्रीकडेच असतो असे जुन्या कलमानेच ठरवल्यामुळे मुलग्याच्या बाबतीत आपण हा शब्द वापरत नाही, आणि दुसरा शब्दही आपल्याकडे नाही. त्याच्या वाट्याला येतो तो ‘अनैसर्गिक अत्याचार’. हा शब्दप्रयोग कलम ३७७ चे उरलेले पडसाद आहे. ज्या कलमाचा प्रौढांच्या संमतीपुरता भाग सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द केला आणि जे न्याय संहितेत मुळीच उतरले नाही, त्याचे भूत बातम्यांच्या मथळ्यांत अजून फिरते आहे. मुलीवर झालेला अत्याचार मग नैसर्गिक म्हणायचा का, असा प्रश्न कोणी विचारत नाही. आणि ज्या पोराबद्दल ही बातमी असते, त्याने ती वाचली तर आपल्याबाबत काहीतरी अनैसर्गिक घडले, म्हणजे आपणच काहीतरी विचित्र आहोत, असे त्याला वाटले तर नवल नाही.

तपासाच्या पद्धतीतही काही जागा विचार करायला लावतात. कलम २४ प्रमाणे मुलाचा जबाब शक्यतो उपनिरीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या महिला पोलिस अधिकाऱ्याने नोंदवावा, मग ते मूल मुलगा असो की मुलगी. कलम २७ प्रमाणे वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरने करण्याची अट मात्र फक्त मुलीसाठी आहे. मुलीसाठीची अट हवीच. पण चौदा वर्षांच्या मुलग्याला जबाब कोणापुढे देणे सोपे जाईल आणि तपासणी कोणाकडून झालेली चालेल, हे त्यालाच विचारावे अशी तरतूद असती तर काय बिघडले असते? एखाद्याला बाईंशी बोलणे सोपे जाईल, एखादा बाईंपुढे तोंडच उघडणार नाही, आणि ज्याच्यावर अत्याचार करणारी स्त्रीच आहे त्याचे काय, हा विचार त्या कलमांत दिसत नाही. लिंगनिरपेक्षता म्हणजे सगळ्यांना एकाच साच्यात बसवणे, असा अर्थ घेतला की असे होते.

आता आरोपीच्या बाजूची लिंगनिरपेक्षता. इथे मतभेद खरे आहेत आणि ते हलक्यात घेण्यासारखे नाहीत. विधी आयोगाने २००० साली १७२व्या अहवालात बलात्काराच्या जागी लिंगनिरपेक्ष ‘लैंगिक आक्रमण’ आणावे असे सुचवले होते, आणि फेब्रुवारी २०१३ च्या अध्यादेशात तशी शब्दयोजना झालीही होती. अनेक स्त्री संघटनांनी तिला विरोध केला. तक्रार करणाऱ्या स्त्रीवरच उलट तक्रार होईल आणि सत्तेचा तोल ज्याच्याकडे आधीच झुकलेला आहे त्याच्या हाती आणखी एक शस्त्र येईल, ही त्यांची भीती होती. त्यानंतरच्या कायद्यात ‘पुरुष’ हा शब्द परत आला आणि तो आजही न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये आहे. प्रौढांच्या बाबतीत मला ही भीती अवास्तव वाटत नाही. मात्र मुलांच्या बाबतीत ती लागू पडत नाही, कारण तिथे सत्तेचा तोल लिंगावर ठरत नाही, वयावर ठरतो. चाळिशीतली स्त्री आणि बारा वर्षांचा मुलगा यांच्यात पितृसत्तेचा हवाला देऊन मुलग्याला बलवान ठरवता येत नाही. तो तिच्याकडे शिकवणीला येत असेल, तिच्या घरी राहत असेल, तिच्या शब्दावर त्याचे जेवणखाण अवलंबून असेल. अत्याचार करणाऱ्यांत पुरुष कितीतरी अधिक आहेत, हे मान्य करूनही कायद्याचे दार दुसऱ्या प्रकारच्या आरोपीसाठी बंद ठेवण्याची गरज नाही. क्वचित घडते म्हणून अपराध ठरवायचेच नाही, असा नियम आपण दुसऱ्या कोणत्या गुन्ह्याला लावत नाही.

सर्वांत अवघड जागा यापुढे आहे, आणि तिथे माझेही मत पूर्वीइतके ठाम राहिलेले नाही. सोळा वर्षांचा मुलगा आणि सोळा वर्षांची मुलगी एकमेकांच्या प्रेमात पडतात आणि घरातून निघून जातात. पॉक्सोच्या शब्दांप्रमाणे दोघेही ‘बालक’ आहेत आणि दोघेही ‘व्यक्ती’ आहेत, म्हणजे दोघेही पीडित आणि दोघेही आरोपी. प्रत्यक्षात मुलीचे वडील फिर्याद देतात, मुलगी बाल कल्याण समितीपुढे जाते आणि मुलगा ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’, म्हणजे अपराधाचा आरोप असलेले मूल, म्हणून बाल न्याय मंडळापुढे उभा राहतो. या अपराधाची किमान शिक्षा सात वर्षांहून जास्त असल्याने तो बाल न्याय कायद्याच्या भाषेत ‘निर्घृण’ वर्गात मोडतो, आणि मुलाने सोळा पूर्ण केले असतील तर प्राथमिक मूल्यांकनानंतर त्याचा खटला प्रौढासारखा चालवण्याचा मार्गही खुला असतो. एनफोल्ड या संस्थेने आसाम, महाराष्ट्र आणि पश्चिम बंगाल या राज्यांतील २०१६ ते २०२० मधले ७,०६४ निकाल तपासले, तेव्हा त्यांतील जवळजवळ चौथा हिस्सा अशा प्रेमसंबंधांचा निघाला. कायद्याच्या शब्दांतून लिंग काढून टाकले तरी ते फिर्यादीतून परत येते, कारण घराण्याची अब्रू मुलीच्या नावावर जमा असते आणि मुलग्याच्या नावावर फक्त गुन्हा.

इतरत्रही हा पेच आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे १९८१ साली कॅलिफोर्नियाचा असा कायदा आला होता की अल्पवयीन मुलीशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषालाच शिक्षा होई, मुलीला नाही. आरोपी साडेसतरा वर्षांचा, मुलगी साडेसोळाची. पाच विरुद्ध चार मतांनी तो कायदा टिकला, आणि कारण असे दिले गेले की गर्भधारणेची टांगती तलवार मुलीला आपोआप रोखते, मुलग्याला रोखायला शिक्षा लागते. हा तर्क मला चलाख वाटतो, न्याय्य वाटत नाही. कॅलिफोर्नियाने पुढे १९९३ मध्ये स्वतःच कायदा बदलून तो दोघांनाही लागू केला. पण आपल्याकडे समानतेच्या नावाखाली त्या सोळा वर्षांच्या मुलीलाही आरोपी करा, असे मी म्हणणार नाही. दोन मुलांना एकमेकांचे गुन्हेगार ठरवून समानता साधत असेल तर ती कोणाच्या कामाची? दोघांच्या वयांत थोडेच अंतर असेल आणि दबाव, फसवणूक किंवा अधिकाराचे नाते नसेल, तर दोघांनाही गुन्ह्याबाहेर ठेवणारी सूट कायद्यात असावी, या बाजूला मी हळूहळू आले आहे. विधी आयोगाने सप्टेंबर २०२३ च्या २८३व्या अहवालात संमतीचे वय अठरावरून खाली आणू नये असे सांगितले आणि सोळा ते अठरा या वयोगटासाठी शिक्षेच्या बाबतीत न्यायाधीशांना मर्यादित विवेकाधिकार सुचवला. हा अर्धाच उपाय आहे, कारण निकालाच्या दिवशी विवेक मिळाला तरी तोपर्यंतचा तुरुंग, सुटलेली शाळा आणि गावभर झालेले नाव परत घेता येत नाही.

बालविवाहाच्या कायद्याबद्दल एकच सांगते. २००६ च्या अधिनियमात मुलगी अठराची आणि मुलगा एकवीसचा होईपर्यंत ‘बालक’, आणि शिक्षा बालिकेशी विवाह करणाऱ्या अठरा वर्षांवरील पुरुषाला. एकोणीस वर्षांचा मुलगा या कायद्यापुरता एकाच वेळी बालक आणि आरोपी असू शकतो.

माहितीपत्रकाचे काय झाले ते सांगायचे राहिले. आयोजकांकडून आलेला कच्चा मजकूर ‘मुलींनो’ या हाकेने सुरू होत होता आणि त्यात ‘एखादा अनोळखी काका’ होता. मी ‘मुलांनो’ केले. तिकडच्या बाईंचा फोन आला, “ताई, ‘मुलांनो’ म्हटलं तर मुलींना वगळल्यासारखं वाटेल.” त्यांचे बरोबर होते. ‘मुले’ हे मूल या शब्दाचेही अनेकवचन आहे आणि बोलण्यात मुलगा या शब्दाचेही तेच होऊन बसले आहे. आम्ही ‘मुला-मुलींनो’ यावर जुळवून घेतले. अनोळखी काकांच्या जागी मी ‘ओळखीचे काका, मावशी, दादा, ताई, कोणीही’ असे लिहिले होते, त्यावर त्या जरा थांबल्या. “मावशी आणि ताई काढू या का? पालक म्हणतील, आता बायकांवरही संशय घ्यायचा का?” बरीच चर्चा झाली. अखेर नाती सगळीच गाळली आणि छापील मजकुरात वाक्य असे आले: ‘घरातली किंवा बाहेरची कोणतीही मोठी व्यक्ती असो, तिने तुम्हाला नको असलेला स्पर्श केला तर लगेच सांगा.’ त्या ‘तिने’ला कोणीही हरकत घेतली नाही.